वडिलांच्या नावाचा रकाना

१५ जून, रविवार

बारा वर्षांपूर्वीचा असाच जून. शाळेच्या व्हरांड्यात मी आणि झिना भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मी शाळेची कारकून. ती डोंगरातून पायी उतरून आलेली, सहा वर्षांची रोशनी तिच्या लुगड्याला धरून. वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीने परात पुढ्यात सरकवली, म्हणून आम्ही फोडत होतो. झिनाच्या डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली. नवऱ्याने, दिलवरने, कानातली चांदी ओढून काढली होती. रक्त मानेवर वाळलेलं. ती एकाच हाताने शेंगा फोडत होती, दुसरा उचलत नव्हता.

मग मी प्रवेशाचा फॉर्म पुढे ओढला.

"त्याचं नाव नको लिहू, बाई. नाव लिहिलं तर तो माग काढत येईल."

वडिलांच्या नावाच्या रकान्यात मी झिनाच्या भावाचं नाव लिहिलं. जन्मतारीख १ जून, सगळ्यांची लिहायचो तीच. अक्षर सुंदर आलं होतं. कॉन्व्हेंटचं अक्षर. घरी जाताना फार बरं वाटलं होतं, अजून आठवतं.

आज रोशनी पेढे घेऊन आली. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत छान मार्क. धुळ्याला नंबर लागेल म्हणते.

ओट्यावर रविवारची मुलं सात. निवृत्त झाल्यापासून हेच चाललंय. कुणी गुजरातेत ऊसतोडीवर जन्मलेलं, नोंद कुठेच नाही. कुणाचे कागद झोपडीबरोबर जळालेले. सगळ्यांना तेच सांगते: मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, पोच घ्या, शिष्यवृत्तीचे दाखले प्रवेशाआधी गोळा करा.

शेवटी रो.ची फाइल उघडली. शाळा सोडल्याचा दाखला. वडिलांचं नाव: मामाचं. आधी जातीचा दाखला, मग जातवैधता, आणि दोन्हींना बापाकडचं रक्ताचं नातं लागतं. ते नसेल तर राखीव जागा नाही, शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही.

हे सगळं मला पाठ आहे. दुसऱ्यांना दर रविवारी सांगते.

१८ जून, बुधवार

शहाद्याला सेतू केंद्रात. ऑपरेटरने दाखला पाहिला, झिनाच्या माहेरची वंशावळ पाहिली, आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, हाऊ मामाच बाप कसा व्हई गया?"

रांग हसली. रो. भिंतीवरचा फलक वाचत राहिली. कान लाल.

तिथून शाळेत गेले. आताची मुख्याध्यापिका चांगली आहे. म्हणाली, शाळा सोडल्यावर नोंद सहज बदलत नाही. लिहिणाऱ्याची चूक असेल तर लिहिणाऱ्याने तसं प्रतिज्ञापत्र करावं, शिवाय खऱ्या वडिलांचे कागद जोडावेत. मामा तर चार वर्षांपूर्वी साप चावून गेला. म्हणजे दिलवरकडे जाणं आलं.

२२ जून, रविवार

झिनाला सांगितलं. ती आमच्या मागच्या आळीत राहते, पपईच्या मळ्यात कामाला जाते. ऐकून घेतलं, मग हात आपोआप कानाकडे गेला. "नको बाई. नको शिकू दे तिला."

रो. ओरडली आईवर. "तू घाबरत जग. मी नाही."

झिनाने तिच्या तोंडात मारली. बारा वर्षांत पहिल्यांदा. मग स्वतःच्याही मारून घेतली, दोन्ही हातांनी, मी धरेपर्यंत.

२७ जून, शुक्रवार

दिलवरच्या गावच्या बाजाराला जाऊन आले. रो.ला नेलं नाही, ह्यांना नेलं. (हे: साखर कारखान्यातून निवृत्त, आता माझ्यावर पूर्ण वेळ देखरेख.) जीपमध्ये सारखं, "तू काय कलेक्टर शे का? घरमा बठ ना."

दिलवर राक्षस असेल असं बारा वर्षं वाटत होतं. बारीक माणूस, दाढीचे खुंट पांढरे. मला खाट दिली, चहा मागवला. पोरगी पास झाली ऐकून डोळे चमकले त्याचे, खोटं कशाला लिहू. कागद देतो म्हणाला. कुठे असते? मी सांगून टाकलं. लोणखेड्याला, आमच्याच मागे, झिना मळ्यात जाते, पोर गुणी आहे. बोलत सुटले मी. मास्तरणीसारखी.

मग त्याने दाखला मागितला. त्याला वाचता येत नाही. शेजारच्या दुकानदाराने मोठ्याने वाचला. नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव.

मग कुणीतरी त्यांच्या पावरी बोलीत काही म्हणालं. भाषा मला कळली नाही, हसणं कळलं. बहिणीला भावापासून मूल. माझ्या सुंदर अक्षरात तेच लिहिलेलं होतं, आणि हे मला बारा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

दिलवर हसला नाही, रागावला नाही. दाखल्याची चौपदरी घडी घातली, माझ्या हातात ठेवली. चहा संपवायला सांगितला.

जीपमध्ये ह्यांनी दाखला माझ्या हातातून घेतला, खिशात ठेवला.

२९ जून, रविवार

मळ्यात गाठलं त्याने झिनाला. सकाळी दहाला, बाकीच्या बायका बघत होत्या. कुऱ्हाडीच्या दांड्याने. आधी गुडघे, मग ती खाली पडल्यावर हात, मग जबडा. बायका सांगतात, तो मोजल्यासारखा मारत होता आणि प्रत्येक फटक्याला एकच विचारत होता: नाव कुणाचं?

ती ओरडून सांगत होती म्हणे, बाईने लिहिलं, बाईने लिहिलं.

मी ओट्यावर मुलांना उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल सांगत होते.

दवाखान्यात ओळखू आली नाही. तोंड सुजून एका बाजूला गेलेलं, तीन दात रो.ने रुमालात बांधून आणलेले. कशाला आणलेस विचारलं तर म्हणाली, "मातीत कसे टाकू?"

१ जुलै, मंगळवार

पोलीस चौकी. दांडा किती लांब होता, हे तीनदा विचारलं. दिलवर सापडत नाही. एक हवालदार मला म्हणाला, "त्यांच्यात चालतंच बाई असं."

मनात आलं ते इथे लिहिते. आमच्यात दार लावून चालायचं. वडील आईला मारत तेव्हा रेडिओ मोठा करायचे. सुट्टीत घरी असताना रेडिओ मोठा झाला की मला कळायचं. म्हणून सुट्टी संपायची वाट पाहायची मी. शाळेत सिस्टर पट्टीने बोटांवर मारत, खोडरबर वापरला म्हणून. चूक खोडायची नाही, एका रेघेने कापायची आणि शेजारी सही करायची. त्या माराला आम्ही शिस्त म्हणायचो, आणि मला तो घरापेक्षा सुरक्षित वाटायचा. चॅपलमधला मेणाचा वास, पांढरे मोजे. किती आवडायचं सगळं.

रो.ची यादी लागली. धुळे मिळालं. १८ तारखेपर्यंत हजर व्हायचं, कागदांसह.

४ जुलै, शुक्रवार

झिनाला आणलं, आमच्या मागच्या खोलीत ठेवलं. जबडा तारेने बांधलाय, पातळ भाताची पेज चमच्याने. माझ्याकडे बघत नाही. मी चमचा धरला की तोंड उघडते मात्र.

हे बाजारातून नवं कुलूप घेऊन आले. स्वतः बसवलं. उलटं बसवलं. रो. तेवढ्यापुरती हसली.

५ जुलै, शनिवार

अक्षर बघू नये.

सकाळी आठ. हे दूध आणायला गेलेले. दाराची काच फुटली, पाठोपाठ तो आत. दारू नव्हती अंगाला, हे लिहून ठेवते. शुद्धीत होता.

"रजिस्टर दे."

रजिस्टर शाळेत असतं, सांगितलं. त्याला वाटलं मी लपवते. माझे केस मनगटाला गुंडाळून त्याने डोकं कपाटावर आपटलं, दोनदा. दुसऱ्यांदा ऐकू येईनासं झालं. तो बोलताना दिसत होता. फाइलींचा डबा ओतला त्याने. पोरांचे सगळे कागद जमिनीवर, तो त्यावरून चालतोय, वाचता येत नाही म्हणून एकेक उचलून माझ्या तोंडासमोर धरतोय. हा? हा? मला त्याचं रडू दिसलं. हेही खरं आहे. तो रडत होता आणि मारत होता.

मग झिनाने मागचं दार उघडलं. तिला पाहून त्याने मला सोडलं. तिच्या तारेत बोटं घातली त्याने. जबड्याच्या तारेत. ओढायला लागला.

वरवंटा बसला तो त्याच्या कानामागे. एकच. नारळ फुटतो तसा

रो. उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं, चपात्या करत होती. वरवंटा तिने परत पाट्यावर नेऊन ठेवला, जागच्या जागी.

हे आले तेव्हा आम्ही तिघी तशाच. दूध त्यांनी आधी ओट्यावर ठेवलं, सांडू न देता.

८ जुलै, मंगळवार

दिलवर नंदुरबारच्या दवाखान्यात. डोळे उघडतो, बोलत नाही. माझ्या डोक्याला सात टाके. पोलिसांनी पहिल्या दिवशी चौघांना एकेकटं विचारलं. मी सांगितलं, मला शुद्ध नव्हती. झिनाला बोलता येत नाही. रो. म्हणाली, "आठवत नाही." सविस्तर जबाब बाकी आहेत.

वकील म्हणतात खरं सांगितलं तर स्वतःच्या बचावात मोडेल, रो. सुटेल. कधी? ते कोर्ट ठरवेल. तोवर गुन्हा तिच्या नावावर राहील. आणि धुळ्याची तारीख १८.

संध्याकाळी हे वाटाणे सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "मन्हं नाव सांग. म्हातारा माणूसले कोन काय करी?"

"तुम्ही दुधाला गेला होतात. गवळ्याने पाहिलंय."

"गवळीले सांगसू ना, लवकर फिरनू म्हणी."

चाळीस वर्षांत ह्या माणसाने मला एकदाही छान दिसतेस म्हटलं नाही.

१० जुलै, गुरुवार

सायदीबाई आली. दिलवरची मोठी बहीण, दवाखान्यात त्याच्याजवळ बसून असते. नंदुरबारहून बसने आली, विचारत विचारत. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. पोलक्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत तिच्या बापाचा, म्हणजे रो.च्या आजोबांचा, शाळेचा दाखला. जुना, पिवळा, पण जात स्पष्ट. सोबत दिलवरचा दुसरीपर्यंतचा. सगळं होतं. एवढ्याशा पिशवीत धुळे होतं.

"पोरगी आमची आहे. शिकू दे. कागद देते मी," म्हणाली. मग पिशवी मागे घेतली. "माझ्या भावाला कुणी मारलं, ते सांग. मग देते."

रो. माझ्या मागे उभी होती. तिने श्वास घेतला, बोलायला.

"मी," मी म्हटलं.

सायदीबाईने माझ्या डोक्याच्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. बराच वेळ हातांकडे. पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि थुंकली. पिशवीवर नाही. माझ्यावर.

ती गेल्यावर रो. माझ्यावर धावून आली. दंड धरून हलवलं मला. "पुन्हा? पुन्हा तुम्ही माझ्यासाठी खोटं नाव लिहिलं?" टाक्यांतून रक्त आलं तेव्हा सोडलं.

तिचं बरोबर आहे. आणि कागद माझ्या कपाटात आहेत.

१२ जुलै, शनिवार

दुपारी निरोप आला. सोमवारी माझा सविस्तर जबाब. वरवंटा कुणाच्या हातात होता, एवढंच विचारतील. काय सांगेन ते मला आत्ता, हे लिहिताना, ठाऊक नाही. रो. म्हणते तुम्ही खोटं बोललात तर मी स्वतः चौकीत जाईन. जाईल ती. झिना तारेतून काहीतरी म्हणते, कळत नाही, हात जोडते. कुणासाठी जोडते तेही कळत नाही.

रजिस्टरचं मात्र केलं. प्रतिज्ञापत्र दिलं: नोंद मी जाणूनबुजून चुकीची केली, आईची किंवा मुलीची चूक नाही. पेन्शनचं व्हायचं ते होवो. मुख्याध्यापिकेने वरच्या मंजुरीला पाठवलंय. जातीच्या दाखल्याच्या अर्जाची पोच हातात आहे. पोचेवर तात्पुरता प्रवेश देतात, नेहमी नाही.

सोमवारी मी परत आले नाही तर, ह्यांच्यासाठी:

रो.ची निळी फाइल फक्त रो.च्या हातात. झिनालाही नाही, वकिलालाही नाही.

सायदीबाईचे दोन्ही मूळ कागद झेरॉक्स करून, साक्षांकित करून, तिला परत. तुम्ही स्वतः जा. टपालाने नको. चपला बाहेर काढून जा.

नोंद बदलून दाखला मिळाला तर त्याची एक प्रत दिलवरला. जिवंत असेल तर.

डब्यातल्या बाकी मुलांच्या कागदांवर पायाचे ठसे आहेत. पुसू नका, फाटतील. ज्याचे त्याला द्या, सही घ्या. रविवारी नवी मुलं आली तर बसवा, पाणी द्या, फॉर्म भरून देऊ नका. तुमचं अक्षर तुम्हालाच वाचता येत नाही.

मागची खोली झिनाची. कुणी काढायची नाही. कुलूप सुलटं करून घ्या.

माझ्या पाटल्या रो.ला. मोडायच्या असतील तर मोडू दे, विचारायचं नाही.

धुळ्याची गाडी शुक्रवारी सकाळी साडेसहाला. रो.ला तुम्ही स्टँडवर न्यायचं. माझं काहीही झालेलं असो, ती काहीही म्हणो, तिला गाडीत बसवायचं. बसली नाही, चौकीकडे वळली, तर