पाच वाजताचा रस्ता

६ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे रक्ताचे रिपोर्ट दादाने पाठवले. साखर वाढली आहे, वजन वाढलं आहे, आणि दादा म्हणतो की तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तुम्ही दोनदा कठड्याला धरून उभे राहता. मामी गेल्यापासून तुम्ही एकटे, त्यामुळे त्याच्या जिवाला घोर लागला आहे. एप्रिलमध्ये तो येईल आणि तोवर फरक पडला नाही, तर घराला कुलूप लावून तुम्हाला स्वतःकडे नेईल. फरक पडला की नाही हे मी ठरवायचं, कारण घरात डॉक्टर मीच. मुलगा तो, वाईटपणा मात्र माझ्या वाट्याला.

हृदय ठीक आहे असं तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे, म्हणजे सबब उरलेली नाही. सोबत आमच्या दवाखान्याचं माहितीपत्रक आहे, मीच लिहिलेलं. रोज तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, मोकळ्या हवेत भरभर चालावं. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर मात्र थांबायचं आणि डॉक्टरांना लगेच सांगायचं. पत्रक भिंतीवर लावा आणि त्याबरहुकूम वागा. इथे आम्ही सगळे बरे आहोत.

हुकूम पाळला जाईल अशा भाबड्या आशेत असलेली,
तुमची भाची


१५ जानेवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ. वि. वि.

(डॉक्टर झालीस तरी उंची वाढल्याचं कळलेलं नाही, म्हणून जुनंच नाव.)

पत्रक मिळालं. भिंतीवर लावलं नाही. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, कागद समोर आला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. म्हणून तपासून परत पाठवतो आहे. लेखकाला कळलेलं असतं पण वाचकाला कळणार नाही, अशी वाक्यं हुडकणं हेच माझं काम होतं, आणि अशी वाक्यं तुझ्याकडे भरपूर आहेत. समासात शंका लिहिल्या आहेत.

रोज तीस मिनिटं चालावं, पण कोणी? पहाटे कामावर जाणाऱ्याने की माझ्यासारख्या रिकामटेकड्याने? मोकळी हवा कुठून आणायची, दारातच गाड्यांचा धूर असेल तर? ज्याला तीस जमत नाहीत त्याने दहा मिनिटं केली तर ती जमेस धरायची की फुकट गेली? आठवडाभर खंड पडला तर पुढे काय, याबद्दल अवाक्षर नाही. सगळीकडे चालावे, करावे, टाळावे. वाचणाऱ्याला तू एकही गोष्ट विचारलेली नाहीस. आमच्या मालकांनी असा मजकूर लेखकाला परत पाठवला असता.

माझी काळजी नको. मी रोज चालतो. दादालाही तसं कळव.

लोभ करावा, चिडू नये.
तुझा मामा


२८ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

चिडले. चार दिवस तुमचा कागद खणात उलटा घालून ठेवला होता. मनात म्हटलं, व्यायाम सांगितला मामांना आणि घाम मला फुटला.

मग परवा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. मधुमेह आहे, आणि चार महिने फिरकल्या नव्हत्या. आता आल्या त्याही तापासाठी. का आला नाहीत विचारलं तर खाली बघत म्हणाल्या की चालणं झालं नाही, तुम्ही बोलाल म्हणून आले नाही. माझं पत्रक कुठे आहे असं विचारलं, तर यंत्राचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली घडी करून घातलं होतं. निदान कशाच्या तरी उपयोगी पडलं. पण मामा, मला फार लाज वाटली. चालण्याच्या भीतीने नाही, माझ्या भीतीने त्या औषधाविना राहिल्या होत्या.

म्हणून तुमच्या समासातल्या शंका मी त्यांनाच विचारल्या. तुमचा दिवस कसा जातो, एवढं विचारून गप्प बसले. मी गप्प बसणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या नऊ मिनिटं बोलल्या. शिवलेले कपडे पूर्वी त्या स्वतः गिऱ्हाइकांच्या घरी पोचवत, आता मुलगी स्कूटरवर नेते. आठवड्यातून दोन खेपा मीच पायी करीन, हे त्यांनीच ठरवलं. दहापैकी किती खात्री वाटते विचारलं, तर आठ म्हणाल्या. माझ्या पत्रकातल्या तीस मिनिटांना दोन दिले असते, हेही हसत हसत सांगून गेल्या. पंधरा दिवसांनी मी फोन करणार आहे, झाडाझडती घ्यायला नव्हे, कसं चाललंय ते ऐकायला.

आता तुमच्याकडे वळते. मी रोज चालतो, असं लिहिलंत. कधी, कुठे, कोणाबरोबर, काही नाही. इतकं मोघम वाक्य तुम्ही दुसऱ्या कोणाचं खपवून घेतलं नसतं. तुम्ही खोटं लिहिलं आहे असं मला वाटतं. पहिल्या पत्रात हुकूम सोडला होता, आता विचारते. मामा, तुम्ही का चालत नाही? रागावणार नाही आणि दादाला सांगणार नाही.

उत्तराची मनापासून वाट पाहणारी,
तुमची भाची


९ फेब्रुवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ. वि. वि.

खोटंच होतं. हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे.

बावीस वर्षं आम्ही दोघं संध्याकाळी पाच वाजता पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येत असू. चालायचो आम्ही, पण बोलायची तुझी मामी. किल्लीवाला, औषधांच्या दुकानातली मुलगी, पंक्चर काढणारे म्हातारबुवा, सगळ्यांशी. मी दोन पावलं मागे राहून ऐकायचो. मला वेगळं बोलायची कधी गरज पडली नाही.

ती दादाकडे गेली असताना आजारी पडली आणि तिथेच गेली, हे तू जाणतेस. इमारतीत सगळ्यांना कळलं. त्या रस्त्यावर कोणाला कळलेलं नाही. परत आल्यावर एकदा पाचला निघालो होतो. किल्लीवाल्याने लांबूनच हात केला आणि खुणेने विचारलं की आज एकटेच? मी घड्याळात बघितल्यासारखं केलं आणि मागे फिरलो. त्याला चौदा महिने झाले. त्या रस्त्याने गेलो की कोणीतरी विचारणार, आणि मग मला ते तोंडाने बोलावं लागणार.

गुडघे चांगले आहेत. तुझ्या पत्रकात यावर काही उपाय सापडला नाही, ही तक्रार नव्हे.

घर सोडायची मला भीती वाटते, एवढं मात्र लिहून ठेवतो. इथे ती अजून थोडीफार आहे.

सांभाळून घे.
तुझा मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन रुग्णांच्या मधे दार लावून तुमचं पत्र वाचलं आणि रडले. पुढचा रुग्ण मलाच बरं वाटत नाही का विचारत होता.

पाच वाजता जाऊ नका. त्या रस्त्याला तर मुळीच जाऊ नका. सकाळी वर्तमानपत्र घ्यायला खाली उतरताच ना? मग तसंच इमारतीच्या मागच्या गल्लीतून दहा मिनिटं फिरून वर यायचं. दहा मिनिटं फुकट जात नाहीत, ही तुमची शंका रास्त होती, नव्या पत्रकात घातली आहे. हे पटत नसेल तर दुसरं काही तुम्हीच ठरवा. दहापैकी सातच्या खाली खात्री वाटली तर आणखी कमी करू. खंड पडणारच. पडला की मागची बाकी भरून काढायची नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं खाली उतरायचं.

किती चाललात ते कळवू नका. काय पाहिलंत ते कळवा.

तुमची,
आता जरा कमी शहाणी भाची


१२ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ. वि. वि.

सात मिनिटांनी सुरुवात केली. मधे खोकल्याने सहा दिवस गेले. सातव्या दिवशी मन म्हणालं की आता सगळं मुसळ केरात, राहू दे. पण तू बाकी भरायची नाही म्हणालीस म्हणून उतरलो. खोकल्याआधीच्या तेरा दिवसांपेक्षा त्या दिवशीचं उतरणं मला मोठं वाटलं. आता वीस मिनिटं होतात आणि जिन्यात एकदाच थांबतो, तेही दुसऱ्या मजल्यावरच्या बाई बोलायला थांबवतात म्हणून.

मागच्या गल्लीत एका खिडकीत कोणी बासरी शिकतं आहे. एकच चूक रोज त्याच ठिकाणी करतं. माझा हात शिवशिवतो.

माया असू दे.
तुझा मामा


२ एप्रिल

चि. बुटकीस,
अ. उ. आ. वि. वि.

रविवारी दादा येतो आहे, म्हणून घाईने लिहितो.

काल पाच वाजता गेलो. तू सांगितलं नव्हतंस, मीही ठरवलं नव्हतं. चप्पल घातली आणि पाय तिकडे वळले. किल्लीवाल्याने मला पाहिलं आणि चटकन नजर खाली घातली. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. त्याच्या हातातली कानस तशीच राहिली. म्हणाला की शेवटी बाईंना करून दिलेली किल्ली कुलपात अडकत असणार, म्हणून तुम्ही दोघांनी रस्ता बदललात असं मी धरून चाललो होतो. नवी करून ठेवली होती. इतके महिने ती त्याच्या गल्ल्यात पडून होती.

मग तुझी मामी कशी गेली ते त्याने विचारलं आणि मी सांगितलं, पहिल्यापासून. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि टाकीपर्यंत माझ्याबरोबर आला. माझ्याहून तरुण, पण धाप त्याला लागली. परतताना म्हणाला की उद्याही दुकान लवकर बंद करतो.

फरक पडला की नाही ते तू ठरवायचं आहेस, तेव्हा मी मधे बोलत नाही. दादाला इतकंच कळव की मला न्यायला यायचं असेल तर जरूर यावं, पण पाच ते सहा मी घरी सापडणार नाही.

माझे आणि तिच्या वाटणीचेही आशीर्वाद.
तुझा मामा