सहा जणांची अट

मंगळवार, १४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मी बरी आहे. आज लसीकरण केंद्रावर सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत दोन माणसं आली. एक निवृत्त शिंपी आणि एक बाई, ती नुसतं डोकेदुखीची गोळी मिळते का विचारायला. शिंप्यासाठी कुपी उघडली, नऊ डोस टाकून दिले. आता तसाच नियम आहे, एकासाठीही उघडायची.

पूर्वी तसा नव्हता. एका कुपीत दहा डोस असतात आणि उघडली की चार तासांत संपवावी लागते. म्हणून किमान सहा माणसं जमल्याशिवाय उघडायची नाही, असा आदेश होता. सुरुवातीला लोक फाटकापाशी भांडायचे, तेव्हा या अटीची आठवणही होत नसे. मग रांग आटली.

तू लिहिलंस की भावोजींचा फोटो तू कपाटात ठेवलास. भेटायला येणाऱ्यांना सांगतेस, हट्टापायी गेले, शेजारच्या गावात माझीच बहीण सुई घेऊन बसली होती तरी टोचून घेतलं नाही. हे वाचून तीन दिवस मला उत्तर लिहिता आलं नाही. फोनवर तर जमणारच नाही, तू मध्येच रडशील आणि सांगायचं ते राहून जाईल.

ताई, ते आले होते.

ऑक्टोबरात, मंगळवारी. दारातच म्हणाले, "काय मेव्हणीबाई, दुकान चालत नाही वाटतं?" मी म्हटलं, "तुम्ही तर टोचून घेणार नव्हतात." तर म्हणाले, "तुझ्या बहिणीला बोलू नकोस. ती जिंकली म्हणून वर्षभर मिरवेल. टोचून झालं की मीच सांगेन, जरा ऐटीत."

त्यांना धरून चौघं होते. मी म्हटलं, अजून दोघं येऊ देत. ते खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. तासाभराने उठून रस्त्यावर गेले, समोरच्या न्हाव्याला विचारून आले. "तो म्हणतो, साथ गेली, आता सुई कशाला. मला एकट्यालाच दहाच्या दहा टोच, तुझ्या बहिणीच्या जिवाला तेवढीच शांतता."

गुरुवारी पुन्हा आले. त्या दिवशी तिघंच. बारा वाजता शर्टाची बाही खाली केली, बटण लावलं आणि म्हणाले, "आता तू बोलावशील तेव्हा येतो." रागावले नव्हते. मी वहीत त्यांच्या नावापुढे 'परत पाठवले' असं लिहिलं. ते पान अजून आहे. अक्षर माझंच आहे.

तीन आठवड्यांनी नियम बदलला. कागद माझ्याच टेबलावर आला, सही करून मीच घेतला. त्यांचा नंबर माझ्याकडे होता.

कामाच्या गडबडीत त्यांना बोलवायचं राहून गेलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. काम कुठे होतं? दिवसभर रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून मलाही न्हाव्यासारखंच वाटू लागलं होतं, की साथ गेली. दिवसभर लोकांना समजावायची मी, आणि आतून माझाच विश्वास उडाला होता. ते आजारी पडले जानेवारीत. मध्ये पुरे दोन महिने होते, ताई.

लस घेतली असती तर वाचलेच असते, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ते हट्टाने गेले नाहीत, एवढं सांगू शकते. हल्ली केंद्रात शिरले की आधी खिडकीकडे बघते. कोणी बसलेलं नसतं. तरी तिकडे पाठ करून मला सुई भरता येत नाही.

फोटो बाहेर काढ. माझ्यावर राग धर, तो मी सोसेन. त्यांच्यावर नको.

उत्तराची वाट बघेन, पण घाई करू नकोस.

पाकिटावर पत्ता लिहायला घेतला आणि सवयीने आधी त्यांचं नाव लिहून गेले. दुसरं पाकीट घरात आहे. मी हेच चिकटवते आहे.

तुझी धाकटी,
जिने त्यांना परत पाठवलं