निळ्यातले एकोणीस लाल टाके

निशी-कसाई, एदोगावा
१९ ऑक्टोबर

प्रिय सुमेधा,

शाळा सुटल्यावर आपण मागच्या पायऱ्यांवर बसायचो, ते तुला आठवतं का? चॅपलच्या भिंतीलगतच्या. मैदान ओलांडून आलं की माझ्या मोज्यांना कुसळं चिकटलेली असायची. माझा पाय मांडीवर घेऊन तू ती एकेक काढायचीस आणि मी दप्तरातला पेरू दातांनी फोडून तुला अर्धा द्यायची. आपण काय बोलायचो ते मात्र काही आठवत नाही. बहुतेक काहीच बोलत नसू. तुझ्या बोटांना शाईचा वास यायचा आणि नाशिकच्या त्या चार वाजताच्या उन्हात सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. हल्ली दुपारी डोळे मिटले की मी तिथेच असते. उदय म्हणतो, माझी बायको टोकियोत बसून नाशकात राहते, तिच्याकडून रहिवासी कर कसा काय घेतात कोण जाणे.

त्याच पायऱ्यांवर मी तुझं शिवण उसवायची, तेही आठवत असेल. सिस्टर बर्नाडेट पुढची बाजू बघायच्याच नाहीत. रुमाल हातात घेतला की आधी उलटा करायच्या. माझी मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असायची. तुझी फुलं माझ्याहून सुंदर, पण मागे गाठी आणि लोंबणारे धागे. मग तू न सांगताच मी तुझा रुमाल ओढून घ्यायची, उसवायची आणि नीट करून द्यायची. तुला चांगले गुण मिळायचे, आणि आपण तुझं भलं केलं असं मला वाटायचं. तू कधी काही बोलली नाहीस. एकदाच म्हणालीस, “विभा, आता हे माझं कुठे राहिलं?” मी हसले होते.

मागच्या आठवड्यात राधिकाचा फोन आला. तुझी लेक आता पस्तिशीची झाली, तरी मला ‘आत्या’ म्हणताना तिचा आवाज सात वर्षांचाच होतो. माझा भाऊ, तुझा प्रताप, गेला तेव्हा होता तेवढाच. म्हणाली, लक्ष्मीकाका नाशिकचा फ्लॅट विकायला काढतायत, देवदिवाळीनंतर नागपूरला पुतण्याकडे कायमचे जाणार. “आणि आई काही बोलत नाही गं. नुसती त्यांची पुस्तकं खोक्यांत भरून देतेय. तूच बोल ना तिच्याशी.” मी बोलते म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर दोनदा तुझा नंबर लावला. दोन्ही वेळा आपण तुझ्या गुडघ्यांवर आणि इथल्या हवेवर बोललो. म्हणून हे पत्र. फोनवर माणूस मध्येच विषय बदलू शकतं. देवदिवाळीच्या आत ते तुझ्या हातात पडलं पाहिजे.

पण ते सांगायच्या आधी मला तुला एका झग्याबद्दल सांगायचंय. कंटाळू नकोस.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथल्या समाजकेंद्रात बुधवारच्या भरतकामाच्या वर्गाला जायला लागले, हे तुला लिहिलं होतं. आम्ही आठ-नऊ जणी आहोत, बहुतेक माझ्याच वयाच्या जपानी बायका. शिकवते ती हनान. चाळिशीची आहे, मूळची पॅलेस्टाइनची. गाझात वाढली, इथे शिकायला आली आणि राहिली. सकाळी एका बेकरीत काम करते, त्यामुळे तिच्या केसांना नेहमी गरम पावाचा वास असतो. ती जे शिकवते त्याला तिच्या भाषेत तत्रीझ म्हणतात. टाका आपलाच, सिस्टरांनी शिकवलेला फुलीचा. पण आपण त्यानं टेबलक्लॉथवर गुलाब काढले. त्यांच्याकडे बाई त्यानं स्वतःची ओळख अंगावर लिहायची. छातीवरचा पट्टा बघून कळायचं ही कुठल्या गावची, लग्नाची आहे की झालेली, घरची कशी. सुरूची झाडं, चंद्र, तारे, वाट. एका गावचं झाड दुसऱ्या गावच्या झाडासारखं नसायचं. हनान म्हणते, नकाशावरून कितीतरी गावांची नावं गेली, पण झगे बघून ती अजून सांगता येतात. आमच्या मोरिता-सान हे ऐकून टाके मोजायच्या थांबल्या. त्या कधीच थांबत नाहीत.

पुढच्या महिन्यात वॉर्डाच्या सांस्कृतिक महोत्सवात हनानला तिच्या आजीचा झगा मांडायचा आहे. घरचा तेवढा एकच उरलाय, कारण इथे येताना तिनं तो बॅगेत घातला होता. बाकीचे आईच्या घरी होते आणि ते घर आता नाही. आई कैरोत बहिणीकडे आहे. हे तिनं मला सांगितलं ते असं, की जणू छत्री गाडीत विसरली. मग म्हणाली, “विभा-सान, याचा घेर उसवलाय. वर्गात तुझा हात सगळ्यात स्वच्छ आहे. तू शिवशील?”

सुमे, तो झगा मी घरी आणला आणि दोन दिवस नुसता खुंटीला लावून बघत बसले. हातमागाचं काळं, जाड कापड. छातीवर सगळं निळं भरतकाम. असा निळा, की तलावात संध्याकाळ उतरताना असतो. आमच्या खिडकीतून नदीवरच्या पुलावरून जाणारी गाडी दिसते. ती गेली की उजेड त्या निळ्यावरून हळूच सरकायचा आणि वाटायचं, आत कुणीतरी श्वास घेतंय. घेर शिवून झाला. मग मला डाव्या बाजूला, खालच्या झाडाच्या बुंध्याशी, लाल टाके दिसले. मोजले तर एकोणीस. वेडेवाकडे, एक लहान एक मोठा. आणि मागे, अगदी तुझ्यासारख्या, गाठी.

मला वाटलं, निळा धागा संपला असेल, किंवा एखाद्या पोरीनं खेळताना घातले असतील. एवढं देखणं काम आणि हा डाग. मी छोटी कात्री घेतली आणि एकेक टाका उसवला. जुळता निळा शोधायला सायकलवरून तीन दुकानं फिरले. त्या दुपारी मला किती आनंद झाला होता, हे लिहायची लाज वाटते. संपल्यावर इस्त्री केली. उदय म्हणाला, “तुझा उलट्या बाजूचा आजार काही बरा होत नाही.” मी त्याला मागची बाजू दाखवली. कुठे काही कळत नव्हतं.

बुधवारी हनाननं झगा टेबलावर पसरला. घेर बघून मान डोलावली. मग तिचं बोट त्या झाडाच्या बुंध्याशी गेलं आणि तिथेच फिरत राहिलं, अंधारात दिव्याचं बटण शोधतात तसं. आधी तिनं जपानीत विचारलं, लाल कुठे गेलं? मग इंग्रजीत तेच विचारलं. मी म्हटलं, चुकलेलं होतं, मी नीट केलं. तिनं झगा घडी करून पिशवीत घातला आणि वर्ग अर्धा ठेवून निघून गेली. पुढच्या बुधवारीही आली नाही. मोरिता-सान मला हळूच म्हणाल्या की सफाई फार चांगली गोष्ट आहे, पण आधी विचारायला हवं होतं. त्या हे इतक्या नम्रपणे म्हणाल्या की थोबाडीत बसल्यासारखं झालं.

मी तिच्या घरी गेले. हल्ली इथे सगळीकडे किनमोकुसेईचा बहर आहे. झाड दिसत नाही, नुसता जर्दाळूसारखा वास गल्लीतून आपल्याबरोबर चालत राहतो. दार उघडून तिनं मला आत घेतलं, चहात पुदिना घालून दिला आणि मग सांगितलं.

तिच्या आजीची माणसं दक्षिणेकडची, बीर अस-सबाजवळची. तिकडे विधवेनं निळं भरायचं. सत्तेचाळीस साली नवरा गेला तेव्हा आजी बावीस वर्षांची होती आणि तिनं हा झगा भरला. पुढच्या वर्षी सगळं सोडून गाझात तंबूत आली, तीही हाच घालून. तिकडची एक रीत होती. निळ्यातल्या बाईला पुन्हा संसार करावासा वाटला तर तिनं बोलून दाखवायचं नाही. निळ्यात थोडं लाल घालायचं. ज्याला दिसायचं त्याला दिसेल. तंबूत उजेड नव्हता, चांगली सुई नव्हती, लाल धागा कुणाच्या तरी उशीच्या अभ्र्यातून काढलेला. म्हणून वेडेवाकडे एकोणीस टाके. मग ती पाण्याच्या रांगेत उभी राहिली. रांगेतल्या एका शिक्षकाला ते दिसले.

“तो माझा आजोबा,” हनान म्हणाली. “ते लाल नसतं तर मी नसते.”

मी उसवलेले तुकडे आणले होते. सिस्टरांची शिकवण, धागा टाकायचा नाही. नखाएवढे तुकडे, त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं. हनाननं ते तळहातावर घेतले, बराच वेळ बघितले आणि डबीत ठेवले. मग नवा लाल धागा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “आता तूच घाल. पण सरळ घालू नकोस.” कापडात सुईची जुनी भोकं अजून होती. ती शोधत गेले. तुला खोटं वाटेल, पण वाकडा टाका घालणं मला जमेना. हात आपोआप सरळ करायचा. ती शेजारी बसून म्हणायची, “नाही, माझी आजी अशी नव्हती. उसव.” एकोणीस टाक्यांना चार दुपारी लागल्या. तिसऱ्या दुपारी मी रडायला लागले, आणि तिला वाटलं मी झग्यासाठी रडतेय. मी तुझ्या इरकलीसाठी रडत होते.

ती निळी इरकल, लाल काठाची. आम्ही जपानला यायच्या आधी, माझ्या सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला तू नेसून आली होतीस. प्रतापला जाऊन पाच वर्षं झाली होती आणि त्या पाच वर्षांत आम्ही तुला राखाडी नाहीतर बिस्किटी रंगातच पाहिलं होतं. तू दारात उभी होतीस, किती सुंदर दिसत होतीस, आणि मी वीस माणसांसमोर हसत म्हटलं, “अगंबाई वहिनी, आज लाल काठ? काय विशेष?” एरवी मी तुला वहिनी कधी म्हणत नाही. त्या दिवशी म्हटलं. तू आत गेलीस, चहा सांडला म्हणालीस आणि माझी बदामी साडी नेसून बाहेर आलीस. तुझ्या साडीवर चहाचा डाग नव्हता. मी आत जाऊन पाहिलं होतं.

इतकं तुलाही माहीत आहे. पुढचं माहीत नाही. चार दिवसांनी लक्ष्मीकांत माझ्याकडे आले होते. प्रतापचे मित्र म्हणून तुझ्या पेन्शनच्या कागदांसाठी धावपळ करणारे, दर गुरुवारी तुझ्या वाचनालयात पुस्तक बदलायला येणारे लक्ष्मीकांत. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “त्या दिवशी त्यांनी लाल काठाची साडी नेसली होती. मला वाटलं, आता विचारायला हरकत नाही. तुम्ही प्रतापच्या बहीण, म्हणून आधी तुमच्याकडे आलो.” मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की तुझी इच्छा नाही. एवढंच नाही. मी म्हटलं, “मी तिला विचारून पाहिलंय. ती नाही म्हणाली.” ते उठले, पेला स्वतः आत नेऊन ठेवला आणि गेले. तेवीस वर्षं ते पुस्तक बदलायला येत राहिले; तू निवृत्त झाल्यावर तुझ्या घरी पुस्तकं आणून देत राहिले. त्यांनी कधी विचारलं नाही असं तुला वाटत आलं, आणि तू नकार दिलास असं त्यांना. का केलं मी असं? तू दुसऱ्या घरची झालीस तर माझा भाऊ पुन्हा एकदा जाईल असं वाटलं. त्याच्याबद्दल बोलायला मला तुझ्याशिवाय कोणी नव्हतं. हे कारण आहे, सबब नाही. राधिका म्हणते तू गप्प आहेस. तू कशाची वाट बघत गप्प आहेस ते आता मला कळतंय, आणि हे पत्र लिहून खरं ते तुझ्यापर्यंत पोचवणं एवढंच माझ्या हातात उरलंय. क्षमा कर म्हणत नाही. रागाव, आणि हवा तितका वेळ रागाव. पण ते देवदिवाळीनंतर. आधी या पत्रासोबतचं पार्सल उघड. त्यात वर निळ्या भरतकामाचा एक पट्टा आहे, मी भरलेला; तो तुझा. लाल मी घातलेलं नाही, ते घालणं माझं काम नव्हे. त्याच्याबरोबर हनानच्या अक्षरातला कागद आहे, तिच्या आजीच्या गावाचं नाव आणि त्या झाडाची हकीकत. तो राधिकाला दे, आणि कुणी नक्षीबद्दल विचारलं तर गावाचं नाव घेऊन सांग म्हणावं, हनानची तेवढी एकच अट आहे. लाल धाग्याची एक लडही आहे; ती राधिकाला देऊ नकोस, ती तुझ्यासाठीच आहे, वापर किंवा राहू दे. तळाशी एक बंद पाकीट आहे, त्यावर लक्ष्मीकांतांचं नाव आहे. मी त्या दिवशी खोटं बोलले, एवढीच एक ओळ त्यात लिहिली आहे. ते पोस्टात टाकू नकोस आणि राधिकाच्या हाती पाठवू नकोस. द्यायचं असेल तर तू स्वतः जाऊन दे.

तुझीच,
विभा