वरच्या खिडकीची पट्टी

९ डिसें., मंगळ.
बाबांना दवाखान्यातून आणून आज आठ दिवस. डॉ. म्हणाले, न्यूमोनिया उलटला तर झेपणार नाही, वारा लागू देऊ नका. सांगायला काय जातं! नारायण पेठेतलं हे घर, खिडक्या सगळ्या नदीकडे, फटींत बोट जाईल. बोहरी आळीतून फोमची पट्टी आणली. मागचा कागद सोलायचा नि चिकटवायचं. हॉल झाला. बाबा म्हणाले, "पॅक करून कुठे पाठवतेयस मला?"

११, गुरु.
बाबांची खोली, बाल्कनीचं दार. दाराखाली रबर. संदीप हिंजवडीहून फोनवर, "ताई, माणूस बोलव ना." माणूस! भाऊराया स्वतः येणार शनिवार-रविवारी, तेही ट्रॅफिक नसेल तर. मीच केलं सगळं. आता फट दाखव म्हणावं.

१३, शनि.
अंघोळ करताना बाबा कुडकुडतात. बाथरूमची वरची खिडकी, तिरक्या काचांची, कायम उघडी. वारा थेट पाठीवर. स्टुलावर चढून काचा मिटल्या, वरून पट्टी. दाराखालीही रबर. वाफ आत टिकते आता. बाबा खूश, "काय छान ऊब आलीय." मीही खूश.

१५, सोम.
अंघोळीनंतर बाबांचं डोकं दुखलं, मळमळलं. बी.पी. ठीक. पित्त असेल. पोहे बंद.

१६, मंगळ.
सकाळी बाबा अंघोळीला गेले. नळ चालू, पण तांब्याचा आवाज येईना. हाक मारली, ओ नाही. कडी नव्हती, तरी दार उघडेना. रबर मीच घट्ट बसवलेलं. खांद्याने ढकललं. बाबा भिंतीला कलंडलेले, वर गॅस गिझर जळतोय. समोरच्या शिंदेकाकू धावल्या, दोघींनी ओढत बाल्कनीत आणलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, बऱ्याच वेळाने डोळे उघडले.
डॉ. म्हणाले, "गॅस गिझर बाथरूममध्येच? खिडकी उघडी होती ना?"
"हो," म्हणाले मी. का म्हणाले, माहीत नाही. नाही, माहीत आहे. शेजारी संदीप उभा होता.
बाबांचे कपडे न्यायला घरी आले. आधी पट्टी ओरबाडून काढली, मग कपडे घेतले.

१९, शुक्र.
बाबा घरी आले. चालतात, पण दमतात. संदीपला गुन्हेगार सापडलाय. गिझरवाले पवार, गेल्या महिन्यात सर्व्हिसिंग त्यांनीच केलं. "खिडकी उघडी असून गॅस कोंडला म्हणजे त्यानेच घोळ घातलाय. पोलिसांत जातो, सोडत नाही त्याला." मी भाजी चिरत राहिले.
दुपारी पवारांचा फोन. "ताई, तीस वर्षं हेच काम करतोय, असं कधी झालं नाही हो. खिडकी लावू नका, हे मी बजावलं होतं ना तुम्हाला?" बजावलं होतं. दोनदा. रविवारी अकराला येऊन बघतो म्हणाले. आवाज पार बसला होता. मी "या" एवढंच म्हणू शकले. लाज वाटते स्वतःची.

२१, रवि.
चौकटीवर डिंकाचे काळे डाग राहिलेत. सकाळी स्टुलावर चढून ब्लेडने खरवडत होते. बाबा कधी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही.
"राहू दे ते. पवारांना काय दाखवशील मग?"
"बाबा, तुम्हाला माहीत..."
"रोज खाली बसून अंघोळ करायचो. वर बघायला डोळे होते की मला."
संदीपला तुम्ही सांगाल का, विचारलं.
"मी कशाला? पट्टी मी लावली?" मग भिंतीला हात टेकून जरा दम घेतला. "चहा चौघांचा टाक."
ब्लेड ठेवून दिलं. निम्मे डाग गेलेत, निम्मे आहेत. पावणेअकरा. खाली संदीप गाडी लावतोय, पवार यायचेत. आधण ठेवलंय.