जगाचा भाव आणि आमची बारा पोती

४ डिसेंबर
भात खोलीत भरलं. बारा पोती, माझं नि धाकट्या भावाचं, बाळूचं मिळून. कुलूप लावलं, चावी माझ्या खिशात. बाकी गावाने झोडणी झाल्या झाल्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत भात ओतलं. अडाणी लेकाचे. जगात साठा किती, थायलंडात पीक कसं, कुणी विचारतं? मी तीस वर्षं गोदीत कारकुनी केली, धान्याची जहाजं रिकामी होताना बघितली. उन्हाळ्यात भाव चढणार म्हणजे चढणार.

९ डिसेंबर
बाळू सकाळीच दारात. "दादा, इकून टाकू ना. पंप जळलाय. नारळाची वाडी सुकंल." पन्नाशीला आला, पण अक्कल नागावच्या वेशीबाहेर कधी गेली नाही. मोबाइलवर भावाचा आलेख दाखवला. म्हणतो, "ह्यो डोंगर कुठला?" कप्पाळ!

२० डिसेंबर
सौ.ची कटकट. सीझनमध्ये स्वयंपाकघराशेजारची खोली अडवलीत, आपल्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांच्या भाकऱ्यांना तांदूळ कुठून आणू? म्हटलं, वाण्याकडून आण. जगाच्या बाजारात जायचं भात मुंबईकरांच्या घशात घालू? पदर खोचून आत गेली. पटलं असावं.

२ जानेवारी
थर्टीफर्स्टची गर्दी गेली एकदाची. भाकऱ्यांवर तुटून पडले, पीठसुद्धा बांधून नेलं. मॉलमधलं खाणारी माणसं, त्यांना कसली चव! पण वाण्याने तांदूळ बरा दिलाय. मीही चार खाल्ल्या.
खिडकीतून पोती मोजली. बारा.

१७ जानेवारी
बाळूच्या वाडीत नवा पंप. कुठून आणला विचारलं तर नुसता हसतो. भाताचं मात्र महिनाभर नाव नाही. आलेख शिरला वाटतं डोक्यात.

८ फेब्रु.
भाव खाली. म्हणे सगळीकडे पीक उदंड, साठे फुगलेत. एसीत बसून लिहिणाऱ्यांना काय जातंय! सौ. रोज चहा देताना विचारते, "अहो, आज जग काय म्हणतंय?" चेष्टा करते की काय... असो. साठ्यातलं तिला काय कळणार.

३ मार्च
खोलीत उंदीर शिरलाय असं वाटलं म्हणून कुलूप काढलं. कडेचं पोतं सरकवायला धरलं तर एका हाताने वर. आधी वाटलं, अजून दम आहे आपल्यात! मग दुसरं उचललं. तिसरं. तोंड सोडलं. आत तूस. बाराच्या बारा पोत्यांत, भात भरडून गिरणीतून परत आलेलं तूस, दाबून भरलेलं.
खोलीला स्वयंपाकघराकडूनही दार आहे, आणि त्याची कडी तिकडून. घर मी बांधलं, आणि हे मला सुचू नये!
म्हणजे ती भाकरी... आणि तो पंप. भाव बरा होता तेव्हाच दोघांनी काम उरकलं, आणि मी इकडे जगाला शहाणपण शिकवत होतो. लाज वाटली. एवढी लाज कधी वाटली नव्हती.
पोत्यांची तोंडं होती तशी बांधली. कुलूप लावलं.

११ मार्च
भाव आणखी पडला. बाळू आला, चेहरा अगदी साळसूद. "दादा, काढायचं का आता भात?" सौ. चहाचा कप घेऊन उभी. दोघं माझ्या तोंडाकडे बघतायत.
म्हटलं, "थांबू अजून."
"थांबू," सौ. म्हणाली, आणि कप माझ्या हातात दिला. चावी माझ्याच खिशात आहे.