कपाळावरची नाणी

४ जून
पोचलो एकदाचे दक्षिणेत! तिरुवल्लिकेणीतलं हे बैठं घर मला बघताक्षणी आवडलं. माझी बँक नुंगंबाक्कमला, तन्मयचं ऑफिस पार शहराच्या टोकाला, शोळिंगनल्लूरला; पण मागच्या अंगणासाठी नवरोबा हटूनच बसले. नाशिकच्या फ्लॅटमध्ये त्याचा मेटल डिटेक्टर माळ्यावर धूळ खात होता ना! घरमालक कृष्णाजीराव शेजारीच राहतात. तंजावरकडचे मराठी, बोलणं जुन्या वळणाचं, मध्येच तमिळ. आल्या आल्या आम्हाला कॉफी पाजली.

८ जून
रविवार. नाश्ता होताच तन्मय अंगणात. लिंबाखाली यंत्र जे कोकलायला लागलं! वीतभर खणलं तर तांब्याचं नाणं, हिरवं पडलेलं. मग शेजारी दुसरं, तिसरं, ओळीनं. पोरासारखा नाचत होता. चिंचेच्या कोळात घासून सगळी लख्ख केली. एकाला मागून काळा पापुद्रा चिकटला होता, तो त्याने नखानं खरवडून काढला.

९ जून
कृष्णाजीरावांना नाणी दाखवली. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या वेळी पटकीत घरातली बरीच माणसं गेली. दहन करायला कोणी उरलं नव्हतं, अंगणातच घाईनं, उथळ पुरली. इकडे मेलेल्याच्या कपाळावर नाणं लावतात, तीच ही. त्यांना ही नुसती गोष्ट वाटायची. ‘काढायचं नव्हतं, बाई. जो काढतो त्याला ते आपल्यातलाच धरतात म्हणे.’
तन्मय हसला. मला हसू आलं नाही.

११ जून
तन्मयला ताप. कपाळाचा मधला भाग मात्र बर्फासारखा गार.

१२ जून
दवाखान्यात एक्स-रे काढला. भुवयांच्या वर, कातडीखाली गोल चकती. धातूची. डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशन कधी झालं होतं? कधीच नाही. उद्या काढू म्हणाले, त्याला तिथेच ठेवून घेतलं.
घरी येऊन मी नाणी परत पुरली. एकटीनं, माझ्या हातांनी. माफी मागितली. रडले.

१३ जून, सकाळ
नाणी मातीवर पडलेली. ओळीनं. लख्ख. कृष्णाजीराव कुंपणापाशी उभे होते, माझ्याकडे बघवेना त्यांना. ‘आता ते परत घेईनात,’ एवढंच म्हणाले.

१३ जून, दुपार
तन्मय गेला. ऑपरेशनला नेण्याआधीच.
चकती सापडली नाही म्हणतात. कपाळावर फक्त गोल वळ —

१५ जून
दहन झालं. सासूबाई आल्यात. म्हणतात, माझ्याबरोबर नाशिकला चल. सामान भरतेय. अंगणाकडचं दार लावून घेतलंय.
ओळीत एक नाणं वाढलंय. खिडकीतून दिसतं. नवंकोरं —

१६ जून
गाडी संध्याकाळची आहे. ताप चढलाय. सासूबाईंना सांगितलं नाही. सांगून काय —
मीही हात लावला होता. पुरताना.
कपाळ गार पडलंय. आरशात काही दिसत नाही. बोटाला कडा लागते. गोल. दाबलं की आतून कुणीतरी