बुटकी आणि लाल गाडी

रवि., ११ जाने.
संदेश भावजी दुबईला चालले, महिनाभर गाडी आमच्या पार्किंगमध्ये. लाल, अमेरिकन, नाक हे एवढं लांब. शेजारी आमची बुटकी. सासऱ्यांनी भंगारात घेतलेली जुनी तीनचाकी, दार एकच, पुढून उघडणारं, फ्रीजसारखं. मिलिंदने खपून खपून ती चालू केलीय. सान्वी म्हणाली, "आई, काकाची गाडी नुस्ती शिंकली तरी बुटकी उडेल." हसलो सगळे.

मंगळ., १३
बुटकीतून एपीएमसी मार्केटला. मी नि मिलिंद. कांद्याचा ट्रक रिव्हर्स घेत सरळ आमच्यावर. त्याला आम्ही दिसलोच नाही. मि. हॉर्न दाबतोय, त्या गोंगाटात कोण ऐकतंय! दार पुढे, ट्रकही पुढे. उतरणार कुठून? एका हमालाने ट्रकच्या फळीवर धडाधड थापा मारल्या तेव्हा थांबला. काचेला टेकायचाच बाकी होता.
जेवताना मि. म्हणाला, "तुला नि सान्वीला आता हिच्यात नाय बसवणार. ती लाल मजबूत आहे." बरं वाटलं मला. खरंच.

रवि., १८
लाल गाडीतून दोघंच जासईकडे, हायवेने. मि. म्हणजे स्कूटरसुद्धा कडेकडेने चालवणारा माणूस. रस्ता मोकळा दिसला नि दाबली. पाठ सीटला चिकटली. पुढे कंटेनरचे ट्रेलर, त्यांच्या मधून, डावीकडून, परत उजवीकडून.
"मिलिंद, हळू." ऐकलं नाही. "अरे थांबव ना!"
हसत होता. लग्नापासून असं हसताना मी त्याला पाहिलेलं नाही.
थांबल्यावर म्हणे, "घाबरतेस काय? आत सेफ आहोत आपण."
बुटकीत भीती ट्रकची होती. इथे...

बुध., २१
रोज ऑफिसआधी "एक चक्कर". आज बंपरला बाजूने लांब पांढरा ओरखडा. विचारलं तर म्हणे, पार्किंगमध्ये लागलं असेल. नजर चुकवली.
भावजींना फोन केला. "वहिनी, टेन्शन नका घेऊ. भाऊने आयुष्यभर मन मारलंय, जरा जगू दे."
आता कोणाला सांगू? मि. घरात वागायला पूर्वीपेक्षा गोड. सकाळी चहा तोच करतो. गुणगुणतो. तेच बघवत नाही.

शनि., २४
सान्वीचा वाशीचा क्लास सुटायचा आहे. रोज रिक्षाने येते. मि. म्हणाला, "आज मी आणतो. जासईला चक्कर मारून येऊ, पोरीलाही कळू दे गाडी काय असते." तिला आधीच सांगून ठेवलंय. क्लासमध्ये शिरताना तिचा मेसेजही आला : पप्पा, फास्ट हां!
तो शर्ट बदलायला गेला तेवढ्यात किल्ली उचलली. बाथरूममध्ये कडी लावून बसलेय, वही मांडीवर. किल्ली मुठीत, दात रुततायत. सान्वीला फोन लावतेय, क्लासमध्ये सायलेंटवर असणार.
आला. दाराबाहेर उभा आहे.
"वैशू, किल्ली दे ना."
अजून प्रेमाने मागतोय.